सदतिसावी

मला सदतीस हा आकडा आवडतो, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. लोकांना एखादा रंग आवडतो, एखादी भाजी आवडते, ते चालतं. आकडा आवडतो म्हटलं की समोरचा आधी आपल्याकडे बघतो आणि मग घड्याळाकडे. पण जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला एखाद्या आकड्याचा लळा लागला तर त्यात नवल करण्यासारखं काय आहे? मांजराचा लागतोच की लोकांना.

सदतिसाची आणि माझी ओळख तशी उशिरा झाली. माझं माहेर ठाकूरद्वारचं. आमच्या वाडीत तिन्हीसांजेला दिवे लागले की घराघरांतून परवचा सुरू व्हायचा. देवापुढं हात जोडून झाले की पाढे, बेपासून तिसापर्यंत, एका सुरात, आणि एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या सगळ्या पाढ्यांत मिळून सदतीस कुठंच येत नाही. तेराच्या पाढ्यात नाही, सतराच्या नाही, एकोणतिसाच्याही नाही. शेजारचा छत्तीस किती दारांनी आत येतो! चार नवे छत्तीस, सहा सक छत्तीस, बारा त्रिक छत्तीस, अठरा दुणे छत्तीस. अडतीस तर एकोणिसाच्या पाढ्यात दुसऱ्याच पायरीवर बसलेला. सदतीस मात्र परवच्याच्या बाहेर. लहानपणी तो मला आकडा म्हणून जाणवलाच नाही. छत्तीस संपला की अडतीस यायच्या आधी थोडा दम घ्यायचा, एवढंच.

पुढे शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत असताना एका दुपारी कंटाळून मी सदतिसाला तिनानं गुणलं आणि एकशे अकरा आले. सहानं गुणलं, दोनशे बावीस. नवानं, तीनशे तेहेतीस. सत्तावीसनं गुणलं तर चक्क नऊशे नव्याण्णव. मग मला चैन पडेना. चारानं गुणलं की एकशे अठ्ठेचाळीस येतात, म्हणजे एक, चार, आठ. त्यातला एक उचलून मागे ठेवला की चारशे एक्याऐंशी, आणि त्यालाही सदतिसानं नेमका भाग जातो. पुन्हा पुढचा चार मागे ठेवला की आठशे चौदा, त्यालाही जातो. आकडे गोल गोल फिरवा, सदतीस आपला सोडत नाही. आणि स्वतः मात्र मूळ संख्या. एक आणि तो स्वतः सोडून दुसऱ्या कुणाचाही भाग घालून न घेणारा. असा ताठ माणूस मला घरात चालला नसता, आकड्यात मात्र फार आवडला.

लग्न होऊन मी लालबागला आले. सासरची माणसं मालवणकडची, गिरणीतली. शाळेत शिकवणारी सून आल्यामुळे चाळीत माझं नाव पहिल्या दिवसापासून ‘बाई’ पडलं. माझ्याहून वयानं दुप्पट असलेल्या बायकाही मला बाई म्हणत आणि मुलांच्या वह्या घेऊन दारात उभ्या राहत. सासूबाई गिरणीत वायंडिंग खात्यात होत्या. दिवसभर उभं राहून सूत गुंडाळायचं, तुटलेला धागा चुटकीसरशी जोडायचा, आणि घरी येऊन पुन्हा उभ्यानंच मासळी करायची. तोंड फटकळ, हात सढळ. मला त्यांनी कधी शब्दानं कुरवाळलं नाही, पण बांगड्यातलं पोट माझ्या ताटात पडायचं, आमच्या ह्यांच्या नाही.

त्यांची एक मैत्रीण होती. गिरणीत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहत, आणि मिश्रीची डबी दोघींत मिळून एकच. तिला मी मावशी म्हणे. रस्त्यापलीकडच्या चाळीत राहायची. उंच, हाडापेरानं मजबूत, नवरा वारलेला, दोन मुलगे हाताशी आलेले. मावशीच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. त्याआधी त्यांना कुठल्या नावानं ओळखत, ते आमच्या चाळीत कुणी उच्चारत नसे आणि कुणी विसरतही नसे. मावशी आमच्याकडे आली की सासूबाई तिला आत, चुलीजवळ बसवत. गॅलरीतून जाणाऱ्या बायका तेवढ्यापुरती पावलं हळू करत.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्च्यात पोलिसांनी या दोघींना एकाच गाडीत कोंबलं होतं. संध्याकाळी सोडून दिलं, पण त्या गाडीत बसून दोघींनी ठरवलं होतं, की मुंबई आपल्याला ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी लेझीम खेळायची, दोघींनी, भर रस्त्यात. सासूबाई हे इतक्यांदा सांगत की मला पाठ झालं होतं. मावशी हे सांगत नसे. सासूबाई सांगत असल्या की ती फक्त मिश्रीचं बोट दातावरून फिरवत हसायची. तिच्या चाळीत पुरुषांचं ढोलपथक होतं, बायकांचं काही नव्हतं. तेव्हा खेळायचं झालं तर आमच्याच चाळीत.

आणि खरंच मुंबईसह महाराष्ट्र मिळायचं ठरलं. एक मे जवळ आला तशी सगळ्या लालबाग-परळला लगीनघाई उडाली. आमच्या चाळीतल्या बायकांनी लेझीम बसवायला घेतली. शिकवणाऱ्या होत्या तळमजल्यावरच्या वहिनी, साताऱ्याकडच्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, पोळ्या लाटतानासुद्धा. बाई मनानं वाईट मुळीच नव्हती, पण रांगेचं वेड. पटांगणात चुन्यानं रेघा मारून त्यांनी स्वतःला धरून छत्तीस बायका उभ्या केल्या होत्या. चौघींच्या नऊ रांगा, शिट्टी वाजली की सहा-सहांच्या सहा, पुन्हा शिट्टी की तिघी-तिघींच्या बारा. बघायला फार सुरेख दिसे. एरवी कुणाचं कुणाशी पटत नसलं की आपण त्यांचा छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. बिचाऱ्या छत्तीसवर केवढा अन्याय! इतका सगळ्यांशी जुळवून घेणारा आकडा आसपास दुसरा नाही.

मी त्यात नव्हते. माझे दिवस भरत आले होते. शाळेतून रजा घेऊन मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि वरून तालीम बघे.

एका रविवारी सकाळी मावशी तालमीला आली. हिरवं लुगडं, कासोटा घट्ट, हातात मुलाची लेझीम. सासूबाईंनीच तिला बोलावलं होतं. ती येऊन सासूबाईंच्या बाजूला उभी राहिली आणि पटांगणातला गलका एकदम खाली बसला. वहिनींनी शिट्टी तोंडातून काढली, बोटानं बायका मोजल्या आणि म्हणाल्या, “सदतीस झाल्या की वो. सदतिसाच्या रांगा कशा लावायच्या?”

मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, “बाई, तुम्ही साळंत शिकवता नव्हं? सांगा बरं, सदतिसाला कशानं भाग जातो?”

“कशानंच नाही,” मी म्हटलं. “मूळ संख्या आहे ती.”

आजही मला कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन. दुसरं उत्तर नाही त्याला. पण ते उत्तर ऐकल्याबरोबर पटांगणातल्या बायकांचे चेहरे असे मोकळे झाले, की मला वरूनच काहीतरी खटकलं. भागाकार ऐकून एवढा आनंद झालेला मी माझ्या वर्गात कधी पाहिला नव्हता.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. “बाई सांगतात म्हंजे खरंच असंल,” ती म्हणाली, लेझीम काखेत मारली आणि निघाली.

सासूबाई पुढे झाल्या. “मी भायर रवतंय,” त्या वहिनींना म्हणाल्या. “तिका घेवा. झाले छत्तीस.”

सरळ हिशेब होता. एक जाते, एक येते, रांगा होत्या तशाच. पण वहिनी चाचरल्या. “तसं न्हाय वो, तुम्ही तर हव्यातच... तुम्ही कशाला जाताय...” आणि मग त्या लेझमीच्या साखळ्या उगाच नीट करत बसल्या. फाटकाशी पोचलेली मावशी मागे न बघता म्हणाली, “तू खेळ गं. माझ्यापायी तू नको ऱ्हाऊस,” आणि रस्ता ओलांडून गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ संतापही आला. म्हणजे अडचण सदतिसाची नव्हतीच! छत्तीस होऊनही चालत नव्हतं. माझ्या सदतिसाला यांनी दाराशी राखणदार म्हणून उभा केला होता, आणि तोही माझ्याच तोंडून. मी तशीच जड पावलांनी घरात गेले आणि चहाचं भांडं मोरीत आदळलं.

सासूबाई वर आल्या. तव्यावर मासा टाकला, परतला, ताटात वाढला. शेवटी हात धुताना म्हणाल्या, “तुजां गणित बरोबर असात. पण तां कोणाच्या कामाक इलां, तां बघलंस?”

“बघितलं,” मी म्हटलं. “म्हणूनच भांडं आदळलं.”

त्या थोडंसं हसल्या. आमच्या दोघींत भांडणं पुष्कळ व्हायची, पण रागावलोय कुणावर याबद्दल मतभेद क्वचित.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी काढायला बसले. पोट एवढं मोठं, वाकून एकेक ठिपका देणं मला जमत नव्हतं. म्हणून सासूबाईंनी मला त्यांचा जुना कागद दिला होता. तेव्हा सगळ्यांकडे असत तसले कागद. जाड कागदाला पेटत्या उदबत्तीनं ओळीनं भोकं पाडायची, कागद फरशीवर पसरायचा, त्यावर रांगोळी टाकून हात फिरवायचा, की खाली ठिपके तयार. आमचा कागद ‘सात ते चार’चा होता. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली सहा-सहा, मग पाच-पाच, मग चार-चार, आणि प्रत्येक ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. ते जोडून कमळ काढा, तारा काढा, काय वाटेल ते.

मी कागद उचलला. मनात कालचाच राग घोळत होता, त्यामुळे असेल, पण मी ठिपके मोजले. चार आणि पाच नऊ, नऊ आणि सहा पंधरा. वरचे पंधरा, खालचे पंधरा, मधले सात.

सदतीस.

मी पुन्हा मोजले, आता आतून बाहेर. मधे एक. त्याच्याभोवती सहा. त्यांच्याभोवती बारा. त्यांच्याभोवती अठरा. एक, सहा, बारा, अठरा. सदतीस! कित्येक महिने मी रोज सकाळी दारात हा आकडा काढत होते आणि त्यावरून पाय टाकून शाळेत सदतिसाचे गुणाकार शिकवायला जात होते. मला इतकं हसू आलं की आतून हे दाढी करता करता फेसासकट बाहेर आले, कळा सुरू झाल्या की काय म्हणून.

चौकोनी रांगांत न बसणारा आकडा षटकोनात असा बसला होता की एक ठिपका इकडचा तिकडे करायला नको. रांगांचं वेड असणाऱ्यांना हे कसं दाखवायचं ते मला नीट ठाऊक होतं. संध्याकाळी तालमीच्या वेळी मी कागद आणि रांगोळीचा डबा घेऊन खाली उतरले आणि पटांगणाच्या मधोमध ठिपके पाडले. वहिनींना म्हटलं, “मोजा.”

वहिनींनी मोजले. मग त्या त्या ठिपक्यांभोवती फिरल्या, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मला वाटलं होतं, त्या काहीतरी कारण काढतील. पण त्यांच्यातली लेझीमवाली जागी झाली होती. “आन् ह्ये फिरवलं तर?” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “बाहेरच्या अठराजणी उजवीकडं, मधल्या बारा डावीकडं... आगं बया!” त्यांनी शिट्टी फुंकली ती इतक्या जोरात, की तळमजल्यावरचं पोर दचकून रडायला लागलं.

बायका जमल्या, वाकून पाहू लागल्या. ज्यांनी जन्मभर ठिपके जोडले होते त्यांना काही समजावून सांगावं लागलंच नाही. मी इथं, तू तिथं, असं सुरूही झालं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सरळ होऊन म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे. पण ती कुणाच्या शेजारी उभी राहणार? माझ्या शेजारी नको, आधीच सांगून ठेवते.”

मला त्या क्षणी काकूंचा राग आला, पण नंतर विचार करता वाटलं, की त्या एकट्याच खरं बोलल्या. कालपासून जे सगळ्यांच्या पोटात होतं ते निदान बाहेर पडलं.

“काकू,” मी म्हटलं, “या ठिपक्यांत कुणाला एका कडेला टाकताच येत नाही. कोपऱ्यावर उभी राहा, तीन शेजारणी मिळतात. कडेला राहा, चार. आत राहा, सहा. तीनपेक्षा कमी शेजार या आकड्यात कुणालाच नाही. आणि एक जरी बाई कमी झाली तरी भोक दिसतं. छत्तीसजणींचं हे होत नाही.”

काकू पदर खोचून जिना चढून गेल्या.

सासूबाई मात्र खुशीत होत्या. त्यांनी मधल्या ठिपक्यावर पाय ठेवला. “हंय तिका उभी करूया,” त्या म्हणाल्या. “मधी. सगळ्यांका दिसांदे.”

मलाही ते फार आवडलं. मधला ठिपका एकच असतो, त्याच्यासारखा दुसरा नाही. ज्या बाईला बाहेर ठेवलं तिला नेमकं मधे उभं करायचं, याहून चांगलं उत्तर काय असणार? आम्ही दोघी तशाच चपला घालून रस्ता ओलांडून निघालो. ट्रामचे रूळ ओलांडताना सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मावशी खोलीत तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, स्टोव्ह पेटवला, पण तोंडानं या म्हणाली नाही. चहा होईपर्यंत सासूबाईच बोलत होत्या. मी तिच्या फरशीवर तिच्याच तांदळांनी ठिपके मांडून दाखवले. चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. तिनं ते शांतपणे पाहिलं. तिलाही ते लगेच उमगलं, कारण तिच्या उंबऱ्यालाही सकाळचीच रांगोळी होती.

“आणि तू हंय,” सासूबाईंनी मधल्या दाण्यावर बोट ठेवलं.

मावशीनं मान हलवली. “मधी नको.”

“कित्या गो?”

“मधी उभी केली म्हंजे बघायला ठेवल्यावानी व्हतं.” तिनं चहा आमच्या पुढ्यात सरकवला. “लोक म्हणतील, ती बघा ती, तिला घेतली त्यांनी. मला कुणी घेतली म्हणून नाचायचं न्हाई. मला लेझीम खेळायचीय. मला आपली कुणाच्या तरी शेजारी उभी कर.”

माझ्या डोळ्यांत पटकन पाणी आलं. त्या दिवसांत तसं ते कशानंही येई, पण हे त्यातलं नव्हतं. मी मधला दाणा तसाच ठेवला आणि सहाच्या ओळीतला एक दाणा तिला बोटानं दाखवला, आतला, कुणाच्याही नजरेत न भरणारा. “इथं?” मी विचारलं.

तिनं त्या दाण्याभोवतीचे सहा दाणे एकेक करून पाहिले. “ह्यात तू कुठली?” तिनं सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी शेजारच्या दाण्यावर बोट ठेवलं. “मंग चाललं,” मावशी म्हणाली आणि स्वतःच्या कपातला चहा बशीत ओतला.

दुसऱ्या दिवसापासून ती तालमीला येऊ लागली. मधल्या ठिपक्यावर वहिनी उभ्या राहिल्या, शिट्टीसकट, आणि तीच जागा त्यांना शोभत होती. पहिल्या तालमीत मावशीच्या आसपासच्या दोघी-तिघी अंग चोरून उभ्या होत्या. पण बाहेरचं कडं उजवीकडे आणि आतलं डावीकडे फिरू लागलं की अंग चोरायला वेळ कुणाला मिळतो? चुकून उलट फिरणाऱ्या एकीला मावशीनंच खांद्याला धरून वळवलं. ती “आई गं” म्हणून हसली आणि पुढच्या ठोक्याला बरोबर फिरली. नंतर मी पाहिलं, अडलं की ती मावशीच्या पायांकडे बघून पाऊल टाकत होती.

अडचण उरली काकूंची. त्या येईनात. कोपऱ्यावरची त्यांची जागा रिकामी, आणि षटकोनाचा एक कोपरा नसला की तो किती वाईट दिसतो ते सांगायला गणित लागत नाही. इकडे वहिनी हैराण. छत्तीसजणी होत्या, त्यांचा लाडका छत्तीस, आणि आता त्याचंच त्यांना काही करता येईना. शेवटी त्या स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेल्या. मी गॅलरीत बसल्या बसल्या त्यांचा आवाज ऐकत होते. “अवो, तुमच्याबिगर भोक पडतंय! समदा लालबाग बघनार, आन् आपल्या चाळीच्या रांगुळीला भोक? काय तोंड दाखवायचं आपण?”

काकू उतरल्या. मन बदललं म्हणून उतरल्या, की चाळीच्या अब्रूसाठी, की घरात बसून लेझमीचा आवाज ऐकवेना म्हणून, ते मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्या येऊन आपल्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या, तोंड फुगवून, पण ठोका एकही न चुकवता. मला मात्र गॅलरीत बसून फार बरं वाटलं. परवा ज्या आकड्यानं एकीला बाहेर काढलं होतं, तोच आता दुसरीला घराबाहेर पडायला लावत होता.

मग तो दिवस आला. रस्त्यावर माणसांचा नुसता पूर होता. गुलाल, पताका, फुगे, मुलं बापांच्या खांद्यावर. आमच्या चाळीची लेझीम नाक्यावरून वळून चाळीसमोर आली आणि ट्रामच्या रुळांवर थांबली. ट्रामवाल्यानं ट्राम मागेच उभी केली होती आणि तो स्वतः दारात उभा राहून बघत होता. आमचे हे माझ्या खुर्चीमागे उभे होते, गर्दीनं धक्का देऊ नये म्हणून.

वहिनींची शिट्टी वाजली. चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. सदतीस हिरवी लुगडी, सदतीस अंबाडे, सदतीस अबोलीचे वळेसर. हलगी कडाडली आणि लेझमीचा पहिला छणत्कार झाला तसा माझ्या अंगावर काटा आला. बाहेरच्या अठराजणी उजवीकडे निघाल्या, मधल्या बारा डावीकडे, आतल्या सहा पुन्हा उजवीकडे. मी मावशीला शोधू लागले. तिची जागा मला पक्की ठाऊक होती, तांदळाचा तो दाणा मीच निवडला होता. पण कडी फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि माझी नजर चुकली.

या आकृतीचा एक गुण असा, की ती सहाव्या हिश्शानं फिरवली तर होती तशीच दिसते. मूळची कुठली आणि फिरवलेली कुठली ते सांगता येत नाही. मी हे शिकवत आलेय, फळ्यावर काढून दाखवत आलेय. पण त्या दिवशी मी शिक्षिका नव्हते. मी गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवून वेड्यासारखी एक बाई शोधत होते आणि ती सापडत नव्हती. सासूबाईही सापडेनात. काकू तरी कुठं होत्या? कोपरे सहा, आणि सहाही कोपऱ्यांवर सारखीच हिरवी लुगडी, सारखेच वर जाणारे हात. आमच्या ह्यांनी विचारलं, “आई कुठली गं?” मी म्हटलं, “देवाला ठाऊक.” आणि मी हसत होते की रडत होते ते मलाही कळत नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या गुलालानं माखून परतल्या. सासूबाई आणि मावशी एकमेकींना धरून जिना चढल्या, कारण दोघींचेही गुडघे बोलत होते. मावशी आत येऊन भिंतीला टेकून बसली. मी तिला पाणी दिलं. ते तिनं एका दमात संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसत मला विचारलं, “बाई, वरनं दिसले का वो मी?”

मला काहीतरी गोड बोलता आलं असतं. पण मावशीशी खोटं बोलवेना.

“नाही,” मी म्हटलं. “खूप शोधलं. तुम्ही त्यात कुठल्या, ते मला कळलंच नाही.”

तिनं गुलालानं भरलेले डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकलं. “मंग झ्याक झालं,” ती म्हणाली.